चष्म्यापासून लेझरपर्यंत : नजरेचा इतिहास आणि आपले कर्तव्य



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. बारावीच्या परीक्षा आटोपल्या होत्या आणि आपल्या मुळशीच्या खोऱ्यात राब भाजण्याचे दिवस होते. पिरंगुटच्या कारखान्यांचा माल टेंपोतून वाहणारे एक चाचा आपल्या मुलीला घेऊन शाळेत आले. खिशातून त्यांनी घडी घातलेले एक हँडबिल काढून माझ्यासमोर ठेवले. दहा मिनिटांत चष्म्यापासून कायमची सुटका, सवलत फक्त याच महिन्यात, असा त्यातील मजकूर होता.

चाचा म्हणाले, "सर, पोरीला बघायला आलेल्या दोन घरांनी चष्म्यावरून नकार दिला. हिच्या अम्मीच्या बांगड्या मोडतो, पण हे काम करून टाकतो. तुम्ही शिकलेले आहात, हो म्हणा म्हणजे झाले."

मुलीला सतरावे सरत आले होते. लग्नाचे कायदेशीर वयसुद्धा झालेले नव्हते, पण ते बोलणे मी नंतरवर ठेवले. तिला विचारले, "तुला स्वतःला काय वाटते?" ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मला चष्म्याचा काही त्रास नाही. मला नर्सिंगला जायचे आहे."

मी इतिहासाचा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून मी चाचांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले, नेत्रतज्ज्ञांना विचारून जे समजून घेतले आणि पुढेही जे वाचत राहिलो, ते आज आपल्यासमोर ठेवीत आहे. पुष्कळांना वाटते की लेझर म्हणजे आजकाल निघालेले एखादे यंत्र. प्रत्यक्षात त्याच्यामागे हजार वर्षांची वाटचाल आहे. या वाटचालीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

कह्हाल आणि मुहतसिब

डोळ्यांच्या वैद्याला अरबी भाषेत 'कह्हाल' असे म्हणत. हा शब्द 'कोहल' म्हणजे सुरमा यावरून आला. सुरमा घालणारा तो कह्हाल, अशी या विद्येची सुरुवात असली तरी ती तेथेच थांबली नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी डोळ्याची रचना आणि रोग यांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. हुनैन हे धर्माने ख्रिस्ती होते, आणि ग्रीक विद्या अरबीत आणण्याचे मोठे काम त्यांनी मुसलमान खलिफांच्या आश्रयाने केले. अकराव्या शतकात अली इब्न ईसा यांनी शंभराहून अधिक नेत्ररोगांचे वर्णन केले. त्याच सुमारास कैरोमध्ये अम्मार अल्-मौसिली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या भारतात सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. ज्ञान एका जातीचे वा एका देशाचे नसते, हे विद्यार्थ्यांनी येथेच लक्षात ठेवावे.

या सर्वांत मोठे नाव इब्न अल्-हैसम यांचे. इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे त्यांचा जन्म झाला. नाईल नदीला बांध घालून पूर आवरतो, असे त्यांनी कैरोच्या खलिफाला सांगितले आणि प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर हे आपल्याच्याने होणार नाही हे ओळखून वेडाचे सोंग घेतले, अशी कथा सांगतात. धरण म्हटले की आपण मुळशीकर कान टवकारतो, म्हणून ही कथा मुद्दाम सांगितली. सुमारे १०११ ते १०२१ या काळात त्यांनी 'किताब अल्-मनाजिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात व वस्तूला जाऊन लागतात, या जुन्या समजुतीचे त्यांनी खंडन केले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी प्रयोग करून आणि गणित मांडून दाखविले.

तथापि त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. पाहण्याचे मुख्य स्थान डोळ्याच्या आतील भिंग आहे असे ते मानीत. प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर पडते, हे १६०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ केपलर यांनी स्पष्ट केले. आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो डोळे मिटून नव्हे. प्रयोगावाचून मोठ्या माणसाचेही म्हणणे मानू नये, हीच तर इब्न अल्-हैसम यांची शिकवण आहे.

आता मुहतसिबाविषयी. जुन्या इस्लामी शहरांत बाजारावर देखरेख करणारा हा अधिकारी असे. वजने, मापे, धान्य, औषधे यांची तो तपासणी करी. बाराव्या शतकात शाम देशातील अल्-शैझरी यांनी अशा अधिकाऱ्यासाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. कह्हालांची परीक्षा हुनैन यांच्या ग्रंथावरून घ्यावी आणि जो उत्तीर्ण होईल त्यालाच लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा, असे त्यात सांगितले आहे. रस्त्यावर फिरत्या कह्हालांवर विश्वास ठेवू नये, असाही इशारा दिला आहे. आठशे वर्षांपूर्वी जो सावधपणा बाजारात होता, तो आज हँडबिल वाचताना आपण विसरावा काय?

चष्म्याचा प्रवास

चष्मा इटलीत १२८६ च्या सुमारास तयार झाला. प्रथम तो बहिर्वक्र भिंगांचा, म्हणजे उतारवयात जवळचे वाचू न शकणाऱ्यांसाठी होता. लांबचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्वक्र भिंगे पंधराव्या शतकात वापरात आली. तेथून चष्मा पूर्वेकडे आला. मोगल दरबारातील चित्रकार मीर सय्यद अली यांनी सोळाव्या शतकात आपले वृद्ध वडील मीर मुसव्विर यांचे चित्र काढले, त्यात वडिलांच्या डोळ्यांवर चष्मा स्पष्ट दिसतो. ते चित्र आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. ज्या मुलाने चित्रकला वडिलांकडून घेतली, त्याला वडिलांचा चष्मा लपवावासा वाटला नाही. उलट विद्येचे चिन्ह म्हणून त्याने तो मानाने रंगविला.

मग आपल्या घरांत मुलीचा चष्मा हा दोष कधीपासून झाला? याचे उत्तर इतिहासात नाही, आपल्या मनात आहे.

तंजावरचे दप्तर

या इतिहासात एक मराठी पानही आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती. या राजाने 'धन्वंतरी महाल' नावाची औषधशाळा चालविली आणि नेत्रवैद्यकात स्वतः लक्ष घातले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया तेथे होत. विशेष हे की रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि रोगाची टिपणे करून ठेवलेली होती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही जपलेली आहेत.

राजा होता म्हणून हा कारभार मोठा, असे समजू नका. मोठेपण नोंद ठेवण्यात आहे. रुग्ण कसा आला, काय केले, काय झाले, हे लिहून ठेवल्याशिवाय वैद्यकी पुढे सरकत नाही. आज आपण दवाखान्यातून आलो की कागद चुलीजवळच्या कोनाड्यात टाकतो. डोळ्यांचे कागद असे टाकू नका. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी आणि त्याचा नकाशा हे कागद पुढे चाळीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्यासाठी लागतात. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

घाईची किंमत

निकटदृष्टितेत डोळ्याचा गोळा थोडा लांबट होतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. डोळ्याची लांबी कमी करता येत नाही. पण पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, थोडे सपाट केले तर प्रतिमा मागे सरकते. डोळ्यात प्रकाश वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हे पारपटलच करते. म्हणून विसाव्या शतकातील शल्यविशारदांचे लक्ष त्याकडे गेले.

जपानमध्ये प्राध्यापक सातो यांनी १९३० ते १९५० च्या दरम्यान पारपटलाला आतून व बाहेरून चिरा देऊन नंबर घालविण्याची पद्धत काढली. रुग्ण खूष झाले. परंतु पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो, तोच त्याला पारदर्शक ठेवतो, आणि माणसात तो थर पुन्हा वाढत नाही, हे त्या वेळी पुरेसे ठाऊक नव्हते. दहा, वीस वर्षांनी त्यांपैकी पुष्कळांचे पारपटल सुजून धूसर झाले. चष्मा गेला, आणि नंतर नजरही गेली.

पुढे रशियात फ्योदोरोव यांनी १९७० नंतर फक्त बाहेरून चिरा देण्याची सुधारलेली पद्धत रूढ केली. ती अमेरिकेत पोहोचल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेकडा ४३ डोळ्यांत नंबर उलट दिशेने एक डायॉप्टर वा अधिक सरकला होता. आज ती पद्धत मागे पडली आहे.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. आजची लेझर पद्धत या दोन्हींहून पुष्कळ सुरक्षित आहे आणि जगात लक्षावधी लोकांनी तिचा लाभ घेतला आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा आनंद हा तिचा पुरावा होत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी हाच तिचा पुरावा होय, हा यातील धडा आहे.

मद्रासचा विद्यार्थी

लेझरचा शोध १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी लावला. तो डोळ्याच्या पारपटलापर्यंत आणण्याच्या कामात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ मध्ये मद्रासला झाला. मद्रास विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे संशोधन करू लागले. तेथे १९३ नॅनोमीटर लांबीच्या अदृश्य, अतिनील किरणांचा 'एक्सायमर' लेझर होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या मेजवानीतील उरलेले टर्की पक्ष्याचे मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेले आणि त्यावर हा किरण सोडला. शेजारचा भाग न जळता, न करपता, मांसात स्वच्छ रेघ पडली. त्यांचे सहकारी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हेही या शोधात सहभागी होते.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी यातील मर्म ओळखले. १९८३ मध्ये त्यांनी व श्रीनिवासन यांनी पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये डॉ. मार्गरेट मॅक्डोनल्ड यांनी न्यू ऑर्लिन्स येथे दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर ही क्रिया प्रथम केली. तो डोळा एका स्त्रीचा होता. तिला कर्करोग झाला होता व तो डोळा काढावाच लागणार होता. काढण्यापूर्वी त्यावर प्रयोग करा, असे म्हणून तिने तो स्वखुशीने देऊ केला. ज्या बाईला स्वतःला काहीही मिळणार नव्हते, तिच्या दानावर आज लक्षावधी लोकांची नजर उभी आहे. सदका-ए-जारिया म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

१९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर डॉ. पल्लीकारिस यांनी पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेझर मारण्याची पद्धत रूढ केली. तिलाच आपण लॅसिक म्हणतो. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक्सायमर लेझरला चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी प्रथम मान्यता दिली. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

लेझर नेमके काय करतो

आज मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिलीत पारपटलावरचा अगदी वरचा थर बाजूला करून लेझर मारतात. यात पापुद्रा नसतो, परंतु पहिले काही दिवस डोळा दुखतो आणि नजर स्थिरावण्यास वेळ लागतो. दुसरी लॅसिक. हिच्यात नजर लवकर येते, मात्र पापुद्र्याला पुढे जोरदार मार लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तिसरीत दुसऱ्या प्रकारच्या लेझरने पारपटलाच्या आत भिंगाच्या आकाराचा पातळ तुकडा सुटा करून छोट्याशा छेदातून काढतात. हिला स्माईल म्हणतात. तिन्हींत चांगली-वाईट असे नसते. कोणत्या डोळ्याला कोणती, हे तपासणीनंतर ठरते.

विद्यार्थ्यांनो, येथे थोडे गणित करू. पारपटल मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन जाड असते. एक नंबर घालविण्यास सुमारे १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉनचा धरू. खाली निदान २५० मायक्रॉन थर शिल्लक राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

एकाचे पारपटल ५४० मायक्रॉन आणि नंबर ६ आहे. ९० मायक्रॉन थर काढावा लागेल. ५४० मधून ११० व ९० वजा जाता ३४० उरतात. हिशेब बसला. दुसऱ्याचे पारपटल ४७० आणि नंबर ८ आहे. १२० मायक्रॉन थर काढावा लागेल. उरतात २४०. हिशेब बसला नाही. अशा डोळ्यावर शस्त्रक्रिया केली तर पारपटल कमजोर होऊन पुढे फुगू शकते आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. आता सांगा, डोळा न मोजता केवळ हँडबिलावर कोणी 'दहा मिनिटांत' असे लिहीत असेल तर त्याला काय म्हणावे?

विचारावयाचे प्रश्न

आपल्या मुळशी तालुक्यातच हिंजवडी आहे. आपली कितीतरी मुले-मुली तेथे दिवसभर पडद्यासमोर बसून काम करतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सर्व तपासण्या करून पंचविसाव्या वर्षी लेझर करून घेतले व तो समाधानी आहे. तेव्हा लेझर करूच नये, असे माझे म्हणणे नाही. विचारून करावे, एवढेच म्हणणे आहे.

पहिला प्रश्न वयाचा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, आणि अठरा झाली तरी निदान एक वर्ष नंबर स्थिर असला पाहिजे. नंबर वाढतच असेल तर आज घालविलेला उद्या परत येईल.

दुसरा प्रश्न डोळ्याचा. पारपटलाचा नकाशा काढला काय? जाडी मोजली काय? डोळ्यांत कोरडेपणा आहे काय? बाहुली मोठी करून मागचे दृष्टिपटल पाहिले काय? कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तपासणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस, मऊ लेन्स असल्यास साधारण एकदोन आठवडे, ती बंद ठेवावी. नाहीतर माप चुकते.

तिसरा प्रश्न शरीराचा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने थांबावे. मधुमेह ताब्यात नसणे, संधिवातासारखे काही आजार, मुरुमांवरच्या काही गोळ्या, हे सर्व डॉक्टरांपासून लपवू नये. लग्नाच्या बोलण्यात आजार लपविण्याची आपली वाईट सवय दवाखान्यात तरी नेऊ नये.

चौथा प्रश्न अपेक्षेचा. लेझरने लांबचा नंबर जातो. पण चाळिशीनंतर जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागणार, तो चुकत नाही. लहानपणी चष्मा न दिल्याने जो डोळा 'आळशी' झाला, तो लेझरने सुधारत नाही. मोठ्या नंबरच्या डोळ्याचे दृष्टिपटल कमकुवत असू शकते. नंबर गेला तरी तो धोका जात नाही, म्हणून वर्षाला तपासणी हवीच. काहींना शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे वाटतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचे हे कमी होते, थोड्यांचे राहते. रात्रीची गाडी चालविणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

पाचवा प्रश्न नोकरीचा. आपल्या शेजारीच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि आपल्या मुलांना तेथे जाण्याची उमेद आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु लष्कर, नौदल, हवाई दल, पोलीस, रेल्वे यांचे दृष्टीचे नियम निरनिराळे आहेत. काही पदांसाठी लेझर केलेला उमेदवार नाकारला जातो, तर काही ठिकाणी वय आणि मधला काळ पाहून घेतला जातो. नियम बदलतातही. त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका.

सहावा प्रश्न पैशाचा. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि ही, यांत गल्लत करू नका. मोतीबिंदूने आंधळेपण येते व तो काढणे गरजेचे असते. चष्म्याचा नंबर घालविणे ही गरज नव्हे, इच्छा आहे. इच्छेसाठी कर्ज काढू नये.

सातवा प्रश्न डॉक्टरांचा. त्यांची नेत्रविद्येतील पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही. शस्त्रक्रिया कोण करणार, तपासणारे डॉक्टर की दुसरे कोणी, हेही विचारा. संमतिपत्र घरी आणून मराठीत समजून घेतल्यावरच सही करा. समजावून न सांगता घेतलेली संमती खरी संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हेही त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसरीकडे 'होकार' शोधत फिरू नका. नकार देणारा डॉक्टर हा आपला खरा हितचिंतक असतो.

शस्त्रक्रियेनंतर

डॉक्टर सांगतील ते थेंब वेळेवर घालावेत, डोळे चोळू नयेत, काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. आपल्या घरांत येथे दोन अडचणी येतात. पहिली वुजूची. आजाऱ्यासाठी शरीयतने सवलत ठेवलेली आहे. ती कशी घ्यावी, हे आपल्या इमामसाहेबांना आधीच विचारून ठेवावे. रमजानमधील रोजे आणि डोळ्यांतील थेंब यांविषयीही आधीच विचारावे, किंवा तारीखच पुढे-मागे घ्यावी. दुसरी अडचण सुरम्याची. सुरमा, काजळ शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आणि नंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पूर्ण बंद. बाजारातील कित्येक सुरम्यांत शिसे असते. लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो घालूच नये.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. भातलावणीच्या आणि झोडणीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया ठरवू नका. चिखलाचे पाणी, भाताचे पाते, उडणारा भुसा यांपासून ताज्या डोळ्याला इजा व जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आणि ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांनी लेझरची वाट पाहण्याऐवजी आजच दोन गोष्टी कराव्यात. शाळेत जाण्यापूर्वी मुलांचे डोळे एकदा तपासून घ्यावेत. रोज निदान दोन तास त्यांना उघड्यावर, उजेडात खेळू द्यावे. त्याने निकटदृष्टिता लागण्याची शक्यता कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्याकडे डोंगर आहेत, मोकळी हवा आहे. नाही तो वेळ, आणि तोही मोबाईलने खाल्लेला.

शेवटी

आठ दिवसांनी चाचा आले तेव्हा मी त्यांना हा सगळा इतिहास सांगितला नाही. एवढेच म्हणालो, "चाचा, पैसे भरण्यापूर्वी एकदा दुसरीकडे दाखवू. मी बरोबर येतो." आम्ही तिघे पुण्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी पारपटलाचा नकाशा काढला आणि बराच वेळ तो पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिचे पारपटल पातळ आहे आणि आकारही संशयास्पद आहे. ही शस्त्रक्रिया हिच्यासाठी नाही. डोळे चोळू नकोस बेटा, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला ये." हँडबिलवाल्यांनी मुलीचे वयसुद्धा न विचारता आगाऊ रक्कम मागितली होती.

परत येताना गाडीत चाचा भूगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "सर, बांगड्या मोडून मी पोरीचे डोळेच घालविले असते." मी म्हणालो, "तसे झाले नाही, अल्लाहचे आभार माना. आणि तिला एकदा विचारा, तिला काय हवे आहे."

बांगड्या मोडल्या, पण त्या वर्षी नर्सिंगच्या फीसाठी. आज ती मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. डोळ्यांवर चष्मा आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी चुकत नाही.

प्रत्येक रोगाबरोबर अल्लाहने त्याचा इलाजही ठेवला आहे, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. इलाज शोधणे हे इब्न अल्-हैसम यांच्यापासून श्रीनिवासन यांच्यापर्यंतच्या विद्वानांनी केले. तो आपल्याला लागू आहे की नाही हे विचारणे, हे काम मात्र आपले आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. विचारण्याची हिंमत लागते, आणि ती हिंमत तालीम देते.

म्हणून पालकहो, आपल्या मुलींचा चष्मा काढण्याची घाई करू नका. त्यांच्या हातातले पुस्तक मात्र कधी काढून घेऊ नका. आणि कोणाच्या घरी मुलगी पाहण्यास गेलात तर तिच्या चष्म्याचा नंबर विचारण्याऐवजी ती काय वाचते, हे विचारा. आपला समाज डोळस व्हावा, हीच प्रार्थना.